न बनलेल्या जमिनीवरचा दिवा

ही गोष्ट खरी आहे.

तुम्ही म्हणाल, सगळे असंच म्हणतात. म्हणा. या पेजवरच्या गोष्टी वाचताना मीसुद्धा तेच म्हणते. मला मुळात भुताच्या गोष्टींचा रागच येतो. त्यातली माणसं आवाज आला की नेमकी तिकडेच जातात, आणि तीही दिवा न लावता.

आमच्याकडे दिवा लागलेला होता. तीच तर अडचण होती.

जागा म्हणाल तर आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. लिफ्ट नाही. आणि वेळ म्हणाल तर मध्यरात्र वगैरे काही नव्हती. लोक कामावरून घरी येतात, जिन्यात पिशव्या घासल्याचे आवाज होतात, कुणाच्या तरी घरात टीव्हीवर बातम्या लागतात, ती वेळ. मला आता त्या वेळेची जेवढी भीती वाटते, तेवढी रात्रीची वाटत नाही.

घरात आम्ही तिघं. आई, दादा आणि मी.

आई नर्स होती, आता निवृत्त. वॉर्डात सारी हयात काढलेली बाई. माणसं जाताना तिने इतकी पाहिली आहेत, की भुताखेतांचं नाव काढलं तर हसते. म्हणते, "भुतं असती तर आमच्या वॉर्डात खाटा पुरल्या नसत्या."

दादा आणि मी गेम बनवायचो. मोठ्या कंपनीत नाही, घरीच, दाराजवळच्या टेबलावर. तो कोड लिहायचा, मी चित्रं काढायची. आवाज आणि संगीत दादाच्या मित्राचं. अंगाने काडी, पण शाळेत ढोल वाजवायचा म्हणून त्याला सगळे ढोल्या म्हणतात. मला दादा 'रंगारी' म्हणायचा. फक्त तोच. दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला चालायचं नाही.

गेमचं नाव 'वाटाडे'. पुढचं कळावं म्हणून तो थोडक्यात सांगते.

मधोमध एक गाव. भोवती सगळा काळोख. गावातून वाटाडे पाठवायचे, प्रत्येकाच्या हातात कंदील. वाटाड्या ज्या चौकोनात पाऊल टाकेल, तेवढी जमीन तिथल्या तिथे तयार होते. डोंगर निघेल, ओढा निघेल, झाडी निघेल, काय निघेल ते दादालाही माहीत नसायचं. दर खेपेला नवा नकाशा, आणि तो कोडच बनवणार, आयत्या वेळी.

तोवर तिथे जमीन नसते. लपलेली असते असं नाही हं. नसतेच.

आपल्या चाली झाल्या की खाली एक बटण. त्यावर लिहिलंय, 'झालं'. ते दाबलं की बाकीचं जग एकदा हलतं, आणि पुन्हा आपली पाळी येते. आपण 'झालं' दाबत नाही तोवर पलीकडे काडीही हलत नाही. जन्मभर बसून राहिलात तरी.

आणि एक नियम दादाने हट्टाने घातला होता. वाटाड्याची शिदोरी संपली की तो हरवतो. मग तो आपलं ऐकत नाही. दर पाळीला एक चौकोन असा, आपल्या आपण, पेटत्या दिव्याकडे चालत येतो. गावातला दिवा पेटता असेल तर घरी पोचतो. विझलेला असेल तर भटकत कुठेतरी निघून जातो.

मी म्हटलं होतं, "हरवला की मेला, असं ठेव ना. सोपं पडेल."

तो चिडला. "एवढा चालून आलेला माणूस दारात मारायचा? तुला काळीज आहे की नुसतेच खडू?"

दादाला डोंगर चढायचं वेड होतं. खरी जमीन कशी उतरते, पाणी कुठून वाट काढतं, ते बघायला जायचा. "डोंगराला विचारून कोड लिहितो," असं म्हणायचा. आणि घरी आला की दारातूनच किल्ल्या स्टीलच्या वाटीत फेकायचा. खण्ण! आणि ओरडायचा, "गोल!" आई रोज दचकायची आणि रोज शिव्या घालायची.

एका सकाळी तो गेला. "जेवायला येतो," म्हणाला.

आला नाही.

डोंगरावर धुकं उतरलं होतं. पायथ्याशी त्याची मोटरसायकल सापडली, कुलूप लावलेली. शोधपथक गेलं, कुत्री गेली. ढोल्या रोज त्यांच्याबरोबर जायचा आणि रोज चिखलाचे बूट घेऊन आमच्या दारात उभा राहायचा. मी आईला सोडून जाऊ शकत नव्हते. ती जेवत नव्हती, झोपत नव्हती, फक्त दाराकडे बघत बसायची.

शोध थांबवला असं कुणी सांगितलं नाही. फक्त फोन यायचे थांबले.

एका संध्याकाळी मी त्याचा कॉम्प्युटर उघडला. मला काही शोधायचं नव्हतं. त्याने शेवटचं काय केलं तेवढं बघायचं होतं.

गेम अर्धवट सोडलेला होता. त्याचाच एक डाव. वाटाडे सगळे गावात परतलेले. तेल वाचवायला गावातला दिवा विझवलेला. नकाशाचा थोडाच भाग बनलेला, बाकी सगळं काळं.

आणि त्या काळ्यात... एक उजेडाचा ठिपका.

लांब. जवळजवळ स्क्रीनच्या कडेला.

मी काच पुसली. गेला नाही.

ढोल्याला बोलावलं. तो आला, खुर्चीत बसला, बराच वेळ कोड चाळत राहिला.

"तिथे काही नाहीये," तो म्हणाला.

"दिसतंय ना पण."

"दिसतंय. पण नाहीये. तो चौकोन अजून बनलाच नाही. आणि वाटाडे मोज, सगळे गावात आहेत. मग कंदील कुणाच्या हातात?"

"भूत?" मी उगाच म्हटलं.

"कॉम्प्युटरमध्ये भूत नसतं, रंगा..." तो अडखळला. 'रंगारी' म्हणणार होता. मग म्हणाला, "बग असतो. 'झालं' दाबून बघ, जाईल."

मी दाबलं. ठिपका एक चौकोन बाजूला सरकला. पुन्हा दाबलं. आता मागे सरकला. रस्ता चुकलेलं माणूस फिरतं तसा.

आमच्या मागे आई कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. एरवी ती आमच्या गेमला 'चौकोन मोजण्याचा उद्योग' म्हणायची. तिने दोनच प्रश्न विचारले. तो कंदील कुणाचा, आणि गावात अंधार का आहे.

मी नियम सांगितला. हरवलेला वाटाड्या, पेटता दिवा, सगळं. सांगायला नको होतं का? असेल. पण तिने कितीतरी दिवसांनी स्वतःहून काहीतरी विचारलं होतं.

"मग दिवा लाव," आई म्हणाली.

"आई, हा गेम आहे."

"मी कुठे नाही म्हणते? लाव."

मी गावातला दिवा लावला. 'झालं' दाबलं.

ठिपका थांबला...

आणि आमच्या दिशेने वळला.

त्या दिवसापासून तो रोजचा नेम झाला. संध्याकाळ झाली की आई खुर्ची ओढून टेबलाशी बसायची. एका संध्याकाळी एक नाहीतर दोन पाळ्या, जास्त नाही. घाई केली तर तो बिथरेल असं तिला वाटायचं. ती 'तो' म्हणायची. मी काही बोलायची नाही. कारण ती जेवायला लागली होती. केस विंचरायला लागली होती. एकदा तर पडद्याकडे बघून पुटपुटली, "बघ, डाव्या पायावर भार देतोय. मुरगळलाय वाटतं." पडद्यावर नुसता नखाएवढा कंदील होता.

आणि खरं सांगू? मीही वाट बघत होते. वेड लागलं म्हणा हवं तर. पण आपला माणूस हरवला की काडीचा आधारसुद्धा ओंडका वाटतो.

ठिपका जवळ येत होता. येताना त्याच्या पायाखाली जमीन बनत होती. कडा. घळ. ओढा. सगळी माझीच चित्रं.

मग जिन्याचं सुरू झालं.

आमच्या जिन्यात सेन्सरचे दिवे आहेत. माणूस आला की 'टक' करून लागतात, पुढे गेला की जरा वेळाने विझतात. दाराच्या वर काचेची पट्टी आहे, तिच्यातून तो उजेड आमच्या छतावर पडतो.

मी 'झालं' दाबलं, आणि खाली... टक.

कुणीतरी आलं असेल. संध्याकाळची वेळ, माणसं येणारच. पण पिशवी घासली नाही. पाऊल वाजलं नाही. कुणाचं दार उघडलं नाही.

फक्त दिवा लागला. विझला.

आणि थोड्या वेळाने... पुन्हा टक.

दुसऱ्या दिवशी तेच. कंदील एक चौकोन पुढे, आणि जिन्यात दिवा अर्धा मजला वर. एकदा लागायचा, विझायचा. आणि मग पुन्हा लागायचा.

पहिल्या मजल्यावर शिंपीकाका राहतात. दार उघडं टाकून मशीन चालवत बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर असते. मी दूध घेऊन वर येत होते, त्यांनी हाक मारली.

"पोरी, तुमच्याकडे हल्ली संध्याकाळी कोण येतं गं?"

"कुणी नाही, काका."

"मग हा दिवा कुणासाठी लागतो? काल मी मुद्दाम बाहेर येऊन बघितलं. जिना रिकामा. एकदा लागला, म्हटलं उंदीरबिंदीर असेल. मी आत वळतोय, तर मागून पुन्हा लागला." ते सुई दातात धरून थांबले. "एक पुढे गेल्यावर मागून दुसरं गेल्यासारखं."

मी हसले. काहीतरी करायला हवं म्हणून हसले. वर येताना मात्र प्रत्येक दिवा लागला की मी मागे वळून बघत होते.

कंदील गावाच्या अगदी वेशीवर आला, ती संध्याकाळ मला आजही दिसते.

आता तो नुसता ठिपका नव्हता. वाटाड्या दिसत होता. मी काढलेला, पाठीला पिशवी, हातात कंदील. गावाला लागून असलेल्या चौकोनात येऊन उभा राहिला होता. आणखी एक पाळी, की आत.

पण तो चौकोन वेगळाच दिसत होता.

तिथे नुसतं गवत होतं. सुरुवातीपासून गवतच. आता तिथे एक छोटं शेड होतं. चार खांब, खाली बाक. वर निळं छप्पर.

मी निळं छप्पर कधीच काढलेलं नव्हतं.

गेममधलं पान न् पान मी काढलंय. आमच्या गावाची छपरं तांबडी आहेत. निळा रंग मी फक्त पाण्याला ठेवला होता, त्यावरून दादाशी भांडलेसुद्धा होते. हे चित्र माझं नव्हतं. चांगलं होतं. माझ्याच हाताचं वाटावं असं होतं. पण माझं नव्हतं.

मी ढोल्याला फोन केला. तो लगेच आला. पडद्यावर नजर गेली आणि तो बसायचंच विसरला.

"हे तू कुठून काढलंस?"

"मी नाही काढलं."

"खोटं बोलू नकोस." त्याचा आवाज बसला होता. "हे पायथ्याचं शेड आहे. डोंगर सुरू होतो तिथलं. आम्ही रोज शोधून आलो की याच बाकावर बसून चहा प्यायचो. तू तर तिथे कधी आलीसच नाहीस."

आई स्वयंपाकघरात होती. ती गुणगुणत होती.

मग मी चित्र मोठं करून बघितलं. सवयच ती, चित्रकाराची.

वाटाडे चालतात तेव्हा मागे पावलांचे ठसे उमटतात. तेही मीच काढलेले, बुटांचे ठसे, डावा, उजवा. मी ठशांवरून मागे मागे गेले. वेशीपासून ओढ्यापर्यंत. ओढ्यापासून घळीपर्यंत.

कड्यापासून घळीपर्यंत ठशांची एक ओळ होती.

घळीपासून गावाकडे... दोन.

दुसरी ओळ पहिलीच्या अगदी मागे मागे. तो जिथे थांबला, तिथे तीही थांबलेली. तो जिथे वळला, तिथे तीही वळलेली. आणि ते बुटांचे ठसे नव्हते. अनवाणी पाय होते. मोठे. बोटं जमिनीत रुतलेली.

मी अनवाणी पाय काढलेले नाहीत.

वाटाड्याच्या मागच्या चौकोनात काहीच दिसत नव्हतं. फक्त ठसे तिथवर येऊन थांबले होते. जणू कुणीतरी पुढच्याच्या खांद्यावरून आमच्या दिव्याकडे बघत उभं होतं.

"बंद कर," ढोल्या म्हणाला. "आत्ताच्या आत्ता बंद कर."

"बंद करून काय होणार? पुन्हा चालू केला की इथूनच सुरू होतो. दादानेच तसं लिहिलंय."

"मग दिवा विझव. नियम आहे ना? दिवा नसला की ते... तो... निघून जाईल."

तेच तर. दिवा विझवला तर जे मागे आहे ते जाईल. आणि दादाही जाईल. 'झालं' दाबलं तर दादा घरात येईल. आणि त्याच्या मागून तेही.

मी काहीच केलं नाही. माऊसवरचा हात काढून घेतला.

ढोल्या निघाला. दार उघडून बाहेर पाऊल टाकलं, आणि तिथेच थांबला. आमच्या दारासमोरचा दिवा आधीच लागलेला होता. तो जिना उतरून गेला, खालचे दिवे एकेक करून विझले. आमच्या दारासमोरचा विझला नाही.

त्या रात्री विझला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. त्यानंतरही नाही.

वायरमन आला. शिडी लावली, सेन्सर काढला, पुसला, बदलला. दिवा चालूच. तो डोकं खाजवत म्हणाला, "ताई, वायरिंग ठीक आहे, सेन्सर नवा आहे. त्याला फक्त असं वाटतंय, की समोर कुणीतरी उभं आहे."

मी आईला सांगितलं, गेममध्ये बग आहे, ढोल्या दुरुस्त करतोय. तिने ऐकून घेतलं. पण नर्सला खोटं पचत नाही. आयुष्यभर तिने नातेवाईकांना सांगितलेलं असतं, 'काळजी करू नका, ठीक होईल.' तो आवाज तिला बरोबर ओळखू येतो.

ती आता टेबलाशी बसत नव्हती. दाराशी बसायची. दाराला पाठ टेकून, हळू आवाजात काहीतरी बोलायची. मी जवळ गेले की गप्प व्हायची.

माझा जीव मेटाकुटीला आला होता. एका संध्याकाळी मी मन घट्ट केलं. दादा गेलाय, मी स्वतःला बजावलं. धुक्यात गेलेला माणूस एवढे दिवस जगत नाही. दारात जे उभं आहे ते चित्र आहे. चित्र पुसता येतं, मी रोज पुसते.

मी गावातल्या दिव्यावर माऊस नेऊन दाबलं. 'विझवायचा?' पडद्यावर प्रश्न आला.

माझ्या मनगटावर हात पडला. आईचा. थंडगार आणि घट्ट, इंजेक्शन देताना मुलांचा हात धरायची तसा.

"काय करतेस?"

मग मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं. घळ, दुसरे ठसे, अनवाणी पाय, शिंपीकाका, सगळं. "आई, त्याच्या मागे काहीतरी आहे गं. तो एकटा नाहीये."

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

"काय?"

"मी पाहिलेत ठसे. तुझ्याआधी पाहिलेत. मला काय दिसत नाही होय?" तिने माझे डोळे आपल्या पदराने पुसले. "घाबरतेस कशाला? वॉर्डात कितीदा असं झालंय. पेशंट यायचा, त्याच्या मागून काय यायचं ते आम्हाला कळायचं. म्हणून काय पेशंटला बाहेर ठेवायचं? पोर उंबऱ्यावर उभं आहे, दमलेलं, आणि मी दिवा विझवू?"

"पण जे मागे आहे..."

"येऊ दे. त्याचं मी बघते."

आणि मी काही म्हणायच्या आत तिने पुढे वाकून 'झालं' दाबलं.

बाहेरचा दिवा विझला.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तेव्हा माझं दाराकडे लक्ष गेलं. कडी काढलेली होती. आईने ती आधीच काढून ठेवली होती.

दार हललं नाही. वाजलं नाही. मी श्वास धरून ऐकत होते. इमारतीत कुठेही आवाज नाही. टीव्ही नाही, पिशव्या नाहीत, शिंपीकाकांचं मशीनसुद्धा नाही.

मग घरातल्या पॅसेजमधला दिवा... लागला.

त्याला सेन्सर नाही. त्याला साधं बटण आहे.

विझला.

पुन्हा लागला. विझला.

मी वाट बघत होते. दादा घरात आला की काय करतो, मला पाठ आहे. किल्ल्या फेकणार. खण्ण होणार. गोल म्हणून ओरडणार. देवा, मी मनातल्या मनात म्हणत होते, खण्ण होऊ दे. एकदा होऊ दे.

आणि वाटीत किल्ल्यांचा आवाज झाला.

पण फेकल्याचा नाही. अलगद ठेवल्याचा. आवाज होऊ नये म्हणून कुणीतरी एकेक किल्ली सांभाळून टेकवावी तसा.

मी धावत जाऊन वाटी बघितली. रिकामी होती.

पडद्यावर गेमचा नेहमीचा संदेश आला होता. 'वाटाड्या घरी पोचला.' खाली गावातल्या माणसांचा आकडा असतो. तो एकने वाढायला हवा होता. दोनने वाढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. शोधपथकाच्या साहेबांचा. आवाजावरूनच कळलं.

दादा सापडला होता. वर नाही, कड्याखाली नाही. पायथ्याला. निळ्या छपराच्या शेडमध्ये, बाकाला पाठ टेकून बसलेला. साहेब पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आम्ही रोज तिथे बसायचो हो. कालही अंधार पडताना मी तिथून गेलो, कुणी नव्हतं." डॉक्टर म्हणत होते, जाऊन बरेच दिवस झालेत.

फोन ठेवण्याआधी साहेब जरा घुटमळले.

"तो एकटाच गेला होता ना?"

"हो. का?"

"काही नाही," ते म्हणाले. "असंच विचारलं."

मी का ते पुन्हा विचारलं नाही. माझ्यात ती ताकद नव्हती.

आईला कसं सांगायचं, शब्द जुळवत मी स्वयंपाकघरात गेले. ती चहा गाळत होती. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "माहीत आहे. तो कालच आला."

सगळं रीतसर झालं. माणसं आली, गेली. ढोल्या खूप रडला. त्याने गेम त्याच्याकडून पुसला, मलाही पुसायला सांगितलं. मी पुसला. कॉम्प्युटर विकून टाकला. जिन्यातले दिवे आता सरळ वागतात.

आई छान आहे. सगळे म्हणतात, धीराची बाई. वेळेवर जेवते, झोपते. संध्याकाळी दादाच्या रिकाम्या टेबलाशी बसते, आणि बोलते. मध्येच थांबते, ऐकल्यासारखी मान हलवते, हसते. म्हाताऱ्या माणसाने आपल्या गेलेल्या मुलाशी बोलावं, यात काय वावगं? मी स्वतःची अशीच समजूत घालत होते.

मागच्या आठवड्यात मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "आई, दादा काय म्हणतो गं?"

तिचा चेहरा उतरला.

"तो कुठे काय म्हणतो? आल्यापासून एक शब्द बोललेला नाही. कोपऱ्यात बसून असतो नुसता. मान खाली घालून."

मी कोपऱ्याकडे बघितलं.

"मग तू बोलतेस कुणाशी?"

"त्या दुसऱ्याशी," आई म्हणाली. "तोच बोलतो. चांगला बोलतो गं, उगाच घाबरत होतीस. तुझी फार चौकशी करतो. कालच विचारत होता, रंगारी हल्ली खोलीचं दार आतून का लावते म्हणून."

मी हे त्याच खोलीत बसून लिहितेय. दार आतून लावलेलं आहे. आई झोपली की मी ते लावते, कडी वाजू न देता, आणि ती उठायच्या आत काढते.

हे मी आईला कधीच सांगितलेलं नाही.